रिकामी कोठी

‘स्टार ट्रेक : व्हॉयेजर’ या अमेरिकन चित्रमालिकेतला १९९५ सालचा एक प्रसंग माझ्या मनातून जात नाही. घरापासून ७०,००० प्रकाशवर्षे दूर फेकले गेलेले ते अंतराळयान. परतायला पाऊणशे वर्षे लागणार. म्हणजे बहुतेकांना घर दिसायचेच नाही! वाटेत एक ग्रह लागतो. १९३७ साली पृथ्वीवरून पळवून नेलेल्या माणसांच्या वंशजांनी तिथे शहरे वसवली आहेत. कप्तान जेनवे सांगते, ज्यांना इथे राहायचे असेल त्यांनी उद्या मालाच्या कोठीत जमावे. माणसे फार घटली तर यान चालणे कठीण, हे तिला ठाऊक असते. तरी ती कुणाला अडवीत नाही. ठरल्या वेळी दार उघडते, तो कोठी रिकामी!

मला वाटले, कुणी राहिला असता तर त्याचे काय चुकले असते? मिळालेले एकुलते आयुष्य वाटेवरच का घालवावे? पण एकेकाच्या जाण्याने उरलेल्यांचे घर अधिक दूर जाते, हेही खरेच. मी मास्तर माणूस. दाराला कडी घालून वर्ग पुष्कळदा भरलेला ठेवला आहे. त्याला ‘एकत्र असणे’ म्हणायला आता जीभ रेटत नाही. सोबत हे कर्तव्य असेल. पण ते वसूल करता येत नाही. ज्याला जायची मुभा आहे, त्याच्याच राहण्याला सोबत म्हणावे.