आधी तळ, मग रंग

सोलापूर जिल्ह्याला समुद्र नाही, पण होडीवर चालणारी घरं इथे खूप आहेत. भीमेवरचं उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झालं, यशवंतसागर भरला आणि नदीकाठची गावंच्या गावं पाण्याखाली गेली. जिथे ज्वारीची कणसं डोलायची, तिथे जाळी पडू लागली. कटला, रोहू, मरळ, वाम, चिलापी यांच्यावर करमाळा-माढ्याच्या काठावरच्या कितीतरी चुली पेटतात.

अशा घरातला एखादा मुलगा वर्षानुवर्षं दुसऱ्याच्या होडीत वल्हं मारतो. चार पैसे गाठीला लागले की त्याला स्वतःची होडी हवी असते. नवी परवडत नाही, म्हणून तो कुणाची तरी जुनी लाकडी होडी घेतो. उन्हाळ्यात उजनीचं पाणी मागे सरकलेलं असतं, काठाचा गाळ उघडा पडलेला असतो आणि होडी कोरड्यावर आलेली असते. दुरुस्तीला याहून चांगला काळ नाही. आयुष्यात पहिल्यांदा मालक झालेल्या त्या मुलाच्या मनात पहिली गोष्ट येते ती रंगाची. कडेला निळा पट्टा, पुढच्या टोकाला देवाचं किंवा लेकीचं नाव. हा आनंद खरा आहे आणि त्याच्या कष्टाचा आहे. तरीही जाणता माणूस त्याला सांगतो, रंगाचा डबा बाजूला ठेव आणि आधी होडी पालथी घाल.

पालथी होडी खरं बोलू लागते. तळावर डांबराचे थरावर थर चढलेले असतात आणि त्यांच्याखालचं लाकूड दिसत नाही, म्हणून ते आधी खरवडावे लागतात. मग टोकदार सळई फळीत खुपसून पाहायची. सळई अडली तर लाकूड शाबूत आहे, सहज आत गेली तर ते कुजलं आहे. हातोडीनं हळूच ठोकलं तर निरोगी फळी खणखणीत वाजते, पोखरलेली बद्द वाजते. गंजलेल्या खिळ्याभोवती काळा डाग धरलेला असतो आणि तिथलं लाकूडही मऊ पडलेलं असतं. आतून फळ्यांना धरून ठेवणारी वाकडी लाकडं तपासणं तर सर्वांत महत्त्वाचं, कारण तीच कुजली असतील तर वर ठोकलेल्या नव्याकोऱ्या फळीलाही धर मिळत नाही. या तपासणीत काही दिवस जातात, हात काळे होतात आणि पाहणाऱ्याला काम पुढे सरकलेलं दिसतही नाही.

त्यानंतर दुरुस्ती. कुजलेली फळी काढायची, पक्क्या लाकडाची बसवायची, सांध्यांच्या फटींत कापूस घट्ट ठासायचा, वरून राळ-तेलाचा किंवा डांबराचा लेप द्यायचा. एवढं करूनही होडी पाण्यात लोटली की पहिल्या दिवशी आत थोडं पाणी येतंच. उन्हात वाळून आकसलेलं लाकूड पाणी पितं, फुगतं आणि मग सांधे मिटतात. म्हणून तिला काठाशी उथळ पाण्यात बांधून ठेवायचं, पाणी उपसायचं आणि लक्ष ठेवायचं. रोज कमी कमी पाणी येत असेल तर होडी सावरते आहे. तितकंच येत राहिलं तर मन घट्ट करून तिला पुन्हा काठावर ओढायचं. पाण्यापुढे कुणाची भीड चालत नाही.

आपल्याला रंगाची घाई असते, कारण रंग लोकांना दिसतो. तळ फक्त पाण्याला दिसतो. वडिलांकडून आलेला यंत्रमागाचा कारखाना असो की गावातली जुनी सोसायटी, ताब्यात आल्यावर आपण आधी पाटी बदलतो. देणी किती आहेत, कुठली भिंत खचली आहे, कुणाचा विश्वास उडाला आहे, हे पाहणं मागे पडतं. वस्तू आपली झाली म्हणजे तिचं दुखणंही आपलं झालं, हे मनात रुजायला वेळ लागतो.

होडीच्या बाबतीत हा वेळ फार महाग पडू शकतो. २१ मे २०२४ च्या संध्याकाळी करमाळा तालुक्यातल्या कुगावहून इंदापूर तालुक्यातल्या कळाशीकडे निघालेली बोट सोसाट्याच्या वाऱ्यात उजनीच्या पाण्यात उलटली आणि सहा जण गेले. त्यांत लहान मुलंही होती. वाऱ्यावर कुणाची सत्ता नाही. म्हणूनच जे आपल्या हातात आहे त्यात कसूर होता कामा नये. तळ पक्का आहे का, किती माणसं बसवायची, आभाळ भरून आलं तर थांबायचं का, प्रत्येकाच्या अंगात लाइफ जॅकेट आहे का, या प्रश्नांची उत्तरं मालकानंच द्यायची असतात.

अशी जबाबदारी नावानिशी घेणारा एक नावाडी पूर्वी होऊन गेला. बाराव्या शतकात बसवेश्वरांच्या काळातल्या शरणांमध्ये, म्हणजे वचनं रचणाऱ्या शिवभक्तांमध्ये, अंबिगर चौडय्या नावाचे हे नावाडी होते. सोलापूरचे सिद्धरामेश्वर याच काळातले, आणि बसवेश्वरांचं नातं आपल्या मंगळवेढ्याशी जोडलेलं आहे. बहुतेक शरणांनी वचनांच्या शेवटी आपल्या आराध्य दैवताचं नाव गुंफलं. चौडय्यांनी तिथे स्वतःचं नाव घातलं, तेही आपल्या नावाड्याच्या धंद्यासकट. मला यात एका कष्टकऱ्याची हिंमत दिसते. हे मी म्हणालो, मी नावाडी आहे आणि या शब्दांना मीच जबाबदार आहे, असं सांगण्याची हिंमत. होडीच्या कडेला नाव रंगवणाऱ्या प्रत्येकानं मनाशी असंच म्हणायला हवं.

म्हणून यंदा पहिल्यांदा होडी घेणाऱ्या भावांना आणि कुठल्याही जुन्या गोष्टीचे नव्याने मालक झालेल्या सर्वांना एकच विनंती आहे. तळ तपासल्याशिवाय रंगाच्या डब्याला हात लावू नका. जाणत्या सुताराला आणि काठावरच्या म्हाताऱ्या भोयाला बोलवा, त्यांचं बोलणं ऐकून घ्या. पावसाळ्याआधी खर्च करायचाच असेल तर तो आधी फळ्यांवर आणि लाइफ जॅकेटवर करा. ज्या होडीत आपल्या लेकराला निश्चिंत मनानं बसवता येईल, तीच दुरुस्त झाली असं समजा.