संध्याकाळचा रोजमेळ

शास्त्रपाठ : मार्क ६:३०-३१



प्रभूने बारा शिष्यांस दोघे दोघे असे गावोगाव पाठविले. ते पायी फिरले, पश्चात्तापाची घोषणा केली, रोग्यांस तेल लावून बरे केले, आणि परत आले. परत आल्यावर त्यांनी प्रथम काय केले, हे मार्काने थोडक्यातच लिहिले आहे. त्याच्या लगेच पुढे पाच हजारांस भोजन दिल्याची गोष्ट येते, म्हणून वाचणारा आणि उपदेश करणारा असे दोघेही ह्या वचनांवरून घाईने पुढे जातात. आम्हीही कित्येक वर्षे तसेच पुढे गेलो. आज मात्र आम्ही वाचकांस येथेच थोडे थांबावयास सांगतो. शिष्य प्रभूजवळ जमले, आणि आपण काय केले व काय शिकविले ते सर्व त्यांनी त्याला सांगितले.

त्या वेळी लोकांची इतकी ये-जा चालली होती की त्यांस जेवावयासही सवड नव्हती. काम पुष्कळ पडलेले होते. तरी प्रभूने त्यांस लगेच पुढच्या गावी पिटाळले नाही. त्यांचे ऐकून घेतले, आणि त्यांस एकान्ती विसावा घ्यावयास बोलाविले. आधी काम, मग धन्याजवळ त्याचा वृत्तान्त, मग विसावा, असा हा क्रम आहे. आमचा क्रम बहुधा असा असतो की काम केले, जेवलो आणि निजलो. मधली गोष्ट आम्ही गाळून टाकिली आहे.

काही प्रचारक बंधू म्हणतील, "वृत्तान्त तर आम्ही देतोच, दर महिन्यास अहवाल पाठवितो." खरे आहे. पण तो अहवाल कसा लिहिला जातो, हे आम्हांस चांगले ठाऊक आहे. तरुणपणी प्रचारकाचे काम करीत असता महिन्याच्या शेवटच्या रात्री दिव्याजवळ बसून आम्ही घरभेटी किती झाल्या ते बोटांवर मोजीत असू, आणि बोटे संपली म्हणजे अंदाजाने भर घालीत असू. तो आकडा खोटा लिहावा असा आमचा हेतू नव्हता. पण तो खराही नव्हता. आणि त्यात एक गोष्ट तर कधीच येत नसे, ती ही की त्या घरी गेल्यावर आम्ही काय बोललो आणि ते बोलणे त्या घरात कसे पोहोचले.

आपल्या बाजारच्या गावी जुन्या पद्धतीचा एखादा दुकानदार दुकान बंद करताना काय करितो, ते पाहा. फळ्या लावून घेतल्यावर तो लगेच घरी जात नाही. सकाळची शिल्लक किती, दिवसभरात जमा किती, नावे किती, हे लिहून तो गल्ल्यातील रोकड मोजतो. वहीतील शिल्लक आणि गल्ल्यातील शिल्लक जुळली म्हणजे रोजमेळ झाला. पाच रुपयांचा फरक पडला तरी तो पुन्हा मोजावयास बसतो. त्या पाच रुपयांवाचून त्याचे काही अडत नाही; पण आजचा फरक आजच सापडतो, चार दिवसांनी सापडत नाही, हे त्याला ठाऊक असते. पुढे ह्याच रोजच्या नोंदी तो खतावणीत ज्याच्या त्याच्या खात्यावर उतरवून घेतो. कोणाकडे किती येणे साचले, कोणते गिऱ्हाईक दिवाळीपासून फिरकलेच नाही, हे खतावणी उघडल्यावाचून कळत नाही. ह्या खतावणीकडे आम्ही शेवटी पुन्हा येऊ.

आपल्या दिवसाची अशी वही ठेवण्याची चाल ख्रिस्ती मंडळीतच सुरू झाली असे नाही. पौलाच्या काळी रोम शहरात सेनेका नावाचा तत्त्वज्ञ होता. त्याने क्रोधाविषयी तीन भागांचा ग्रंथ लिहिला, आणि त्याच्या तिसऱ्या भागात आपला एक नित्यक्रम सांगितला आहे. रात्री दिवा काढून नेला, आणि त्याची सवय ठाऊक असलेली पत्नी गप्प राहिली, म्हणजे तो आपला सारा दिवस तपासून पाही व स्वतःपासून काही लपवीत नसे. (त्या पत्नीच्या गप्प राहण्याचे श्रेय कोणी तिला देत नाही, आम्ही देतो.) ही रीत सेक्स्टियस नावाच्या आधीच्या एका तत्त्वज्ञाची होती, ती त्याने उचलली. त्या तपासणीत कोणत्या गोष्टी येत? अमक्या वादात आपण फार आवेशाने बोललो. तमक्याला दोष दाखविला तो खरा होता, पण अशा रीतीने दाखविला की तो माणूस सुधारला नाही, दुखावला मात्र. प्रचारक बंधूंनो, हे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका अख्रिस्ती मनुष्याचे आहे, की गेल्या रविवारी मंदिराच्या ओट्यावर झालेल्या आपल्याच बोलण्याचे आहे?

आणखी एक गोष्ट. हा ग्रंथ सेनेकाने आपला भाऊ नोवाटस ह्याला उद्देशून लिहिला. तोच भाऊ पुढे दत्तक जाऊन गल्लियो ह्या नावाने ओळखला गेला, आणि प्रेषितांची कृत्ये ह्या पुस्तकाच्या १८ व्या अध्यायात करिंथ येथे न्यायासनावर बसलेला तो आपणांस भेटतो. त्याच्या डोळ्यांदेखत लोकांनी सोस्थनेसाला मारले, आणि त्याने त्याची पर्वा केली नाही. रोजचा दिवस तपासावा हे सांगणारा ग्रंथ ज्याच्या नावे लिहिला गेला, त्याने त्या रात्री आपला दिवस तपासला की नाही, कोण जाणे! ग्रंथ जवळ असणे वेगळे, दिवा मालवून बसणे वेगळे.

त्याच अध्यायाच्या आरंभी पौल अक्विल्ला व प्रिस्किल्ला ह्यांच्याबरोबर तंबू करीत बसलेला आहे. हाताचा धंदा एका बाजूस आणि आत्म्याची वाढ दुसऱ्या बाजूस, असे त्याने मानले नाही. आम्हीही मानू नये. मंडळीतील तरुण आम्हांस विचारतात की नोकरीत, धंद्यात पुढे कसे जावे. कोणास बदली हवी असते, कोणास आणखी एक परीक्षा द्यावयाची असते, कोणास आमच्या शिफारशीची चिठ्ठी हवी असते. ह्या गोष्टी आम्ही तुच्छ मानीत नाही. चिठ्ठ्या आम्ही लिहून दिल्या आहेत. पण बारा वर्षे गवंडीकाम केलेला मनुष्य पहिल्या वर्षी जेथे ओळंबा चुकवीत होता, तेथेच बाराव्या वर्षी चुकवितो, असेही आम्ही पाहिले आहे. वर्षे गेली, पण मागे वळून कोणी पाहिले नाही.

ह्याविषयी अलीकडचा एक दाखला आहे. हार्वर्ड विद्यापीठाशी संबंध असलेल्या काही अभ्यासकांनी २०१४ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. बंगळूर येथे एका मोठ्या कंपनीत नव्याने घेतलेल्या लोकांस कामाचे शिक्षण दिले जात होते. त्यांतील काहींस दहा दिवस, दिवसाच्या शेवटची पंधरा मिनिटे, आज आपण काय शिकलो ते लिहावयास सांगितले. इतरांनी तीच पंधरा मिनिटे आणखी काम केले. अखेरच्या परीक्षेत लिहिणारे शेकडा सुमारे २३ नी सरस ठरले. ज्यांनी अधिक काम केले ते मागे राहिले, हे ऐकून पुष्कळांस नवल वाटेल. प्रभूने शिष्यांस एकान्ती का बोलाविले, हे ज्यांस कळले त्यांस वाटणार नाही.

विल्यम केरीसाहेब मूळचे जोडे शिवणारे. ते १७९३ साली बंगालमध्ये आले, पुढे श्रीरामपूर येथे राहिले (आपल्याकडील त्या नावाचे गाव नव्हे, बंगालमधील), आणि आपल्या मराठी भाषेचे त्यांनी केलेले व्याकरण १८०५ साली छापले गेले. १८१२ च्या मार्च महिन्यात तेथील छापखान्यास आग लागली, व कित्येक वर्षांच्या श्रमाची हस्तलिखिते एका रात्रीत जळाली. केरीसाहेबांनी ते काम पुन्हा आरंभिले. जी वाट एकदा चाललो तीच दुसऱ्यांदा चालणे दुःखाचे खरे, पण पाऊल अधिक सुलभपणे व खात्रीने पडते, अशा अर्थाचे त्यांनी त्या वेळी लिहिले. आपली कागदपत्रे जळावीत असे आम्ही कोणास इच्छीत नाही. परंतु दिवसाची वाट संध्याकाळी मनाने दुसऱ्यांदा चालून पाहण्यास आगीची गरज नाही.

आता ही वही कशी लिहावी? थोडी लिहावी, आणि आपल्याविषयी लिहावी. एखादा शिक्षक लिहितो, "आज भागाकार शिकविला. मुलांनी लक्ष दिले नाही." ही नोंद मुलांच्या खात्यावर गेली, तिच्यापासून शिक्षकास काही मिळाले नाही. दुसरा लिहितो, "आज भागाकार शिकविला. मागच्या रांगेतील तिघांस कळला नाही. मी फळ्याच्या आड उभा राहून लिहीत होतो." हा शिक्षक उद्या बाजूस उभा राहील. बदलीचा हुकूम येवो वा न येवो, तो आजच एक पायरी चढला. रुग्णालयात काम करणाऱ्या भगिनीने कोणत्या खाटेजवळ आपला आवाज चढला ते लिहावे. शेतमजुरी करणाऱ्याने मुकादमाशी झालेले बोलणे लिहावे. ज्यांस लिहिता येत नाही त्यांनी खंत करू नये. इसहाक संध्याकाळी रानात ध्यान करावयास गेला असे उत्पत्तीच्या २४ व्या अध्यायात आहे, त्याच्या हाती वही होती असे लिहिलेले नाही. गुरे बांधून झाल्यावर ओट्यावर पाव घटका बसले तरी चालते.

परंतु एका धोक्याविषयी सांगितले पाहिजे, कारण त्यात चांगली चांगली माणसे सापडली आहेत. मंदिरात प्रार्थना करणारा परूशीही आपला हिशेब नीट ठेवीत होता. आठवड्यातून दोनदा उपास, सर्व मिळकतीचा दशांश. आकडे बरोबर होते. पण त्याच्या वहीत सारी जमाच होती, नावे काही नव्हतेच. उलट यहूदा इस्कर्योत ह्याने आपली नावे बाजू पाहिली, आपण निर्दोष रक्त धरून दिले हे त्याला कळले, आणि तो ते सांगावयास गेला कोणाकडे? मुख्य याजकांकडे. त्यांनी म्हटले, आम्हांस त्याचे काय? पेत्राची नावे बाजूही काही लहान नव्हती. तोही त्या रात्री बाहेर जाऊन रडला. पण पुढे सरोवराच्या काठी तो प्रभूसमोर उभा राहिला, आणि तेथे त्याचा हिशेब झाला. म्हणून आम्ही म्हणतो, वही उघडावी ती प्रभूजवळ बसून. जो एकटाच आपला हिशेब तपासतो तो एक तर फुगतो, नाही तर खचतो, आणि आम्ही दोन्ही प्रकारची माणसे पुरली आहेत.

आता खतावणी. काही वर्षांपूर्वीची ही गोष्ट आहे, आणि ती आमची आहे.

आम्ही रोज संध्याकाळी दिवसाची नोंद लिहीत होतो. पावसाळ्याच्या आरंभी मंदिराच्या दुरुस्तीची वर्गणी मोजताना काही शे रुपये कमी भरले. वर्गणी गोळा करणारा मंडळीतील एक तरुण होता. आम्ही सर्वांसमोर त्याला हिशेब विचारला. तो खाली मान घालून उभा राहिला, आणि आठ दिवसांनी पैसे आणून देऊन गेला. त्या रात्री आमच्या वहीत आम्ही लिहिले, "मंडळीच्या हिशेबात स्पष्टता आणिली." हे जमेच्या बाजूस लिहिले.

दसऱ्यानंतर एके दिवशी आम्ही तीन महिन्यांच्या नोंदी घरवार मांडावयास घेतल्या. कोणत्या घरी किती वेळा गेलो, ते घराच्या नावापुढे लिहीत गेलो. ओढ्याकाठच्या शेवटच्या घरापुढे एकही खूण पडली नाही. ते त्या तरुणाचे घर, आणि त्याची विधवा आई तेथे राहते. तीन महिन्यांत रोज काही ना काही कारण निघाले होते. कधी चिखल, कधी उशीर, कधी दुसऱ्या वाडीचे बोलावणे. रोजमेळात प्रत्येक कारण खरे दिसत होते. खतावणीत ती सारी एकच गोष्ट सांगत होती.

आम्ही दुसऱ्या दिवशी गेलो. आईने चहा दिला. पुष्कळ वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "पाळकसाहेब, ते पैसे त्यानं माझ्या औषधाला काढले होते. तुम्ही एकट्याला विचारलं असतं, तर त्यानं सांगितलं असतं." मुलगा टोळीबरोबर ऊसतोडीस गेला होता.

घरी येऊन आम्ही पावसाळ्याची ती नोंद काढिली, जमेतून खोडली, आणि तारीख घालून नावे मांडिली. वर्गणीत हात घालणे चूक होते, हे आम्ही आजही म्हणतो. पण ती चूक त्याच्या खात्यावरची. आमच्या खात्यावर आम्ही विचारलेली रीत होती, आणि टाळलेले तीन महिने होते. मुकादमाच्या हाती आम्ही दोनदा निरोप पाठविला, त्यात क्षमा मागितली. दुसऱ्या निरोपास उत्तर आले. त्यात आमच्याविषयी काही नव्हते. आईच्या घराचे पत्रे गळतात, ते पावसापूर्वी कोणी बदलील काय, इतकेच विचारले होते. मंडळीतील चौघांनी मिळून ते बदलले, आणि आम्ही शिडी धरून उभे राहिलो.

कारखाना बंद झाल्यावर तो गावी आला. मंदिरात अजून येत नाही. रस्त्यात भेटला म्हणजे सलाम करितो. त्या दिवशी रोजमेळात आम्ही तेवढेच लिहितो.