मध्ययुगाचा खेळ आणि वेठीचा माणूस



अमेरिकेत वाढणारी आपली मुले एक दिवस विचारतील, "मित्रांबरोबर मध्ययुग खेळायला जाऊ का?" हसण्यावारी नेऊ नका. कॅलिफोर्नियातील बर्कली येथे १९६६ साली काही मित्रमंडळींनी घराच्या मागच्या अंगणात जुने पोशाख घालून लुटुपुटूची लढाई आणि मेजवानी केली. त्यातून 'सोसायटी फॉर क्रिएटिव्ह अनॅक्रॉनिझम' ही संस्था वाढली. सतराव्या शतकाआधीचे जगणे स्वतःच्या हातांनी करून पाहणे हा तिचा छंद. ही माणसे सूत काततात, वनस्पतींच्या रंगात कापड बुडवतात, चामडे शिवतात, पिसाच्या लेखणीने अक्षरे काढतात, वेताच्या तलवारींनी लढतात. पेनसिल्व्हेनियात दर उन्हाळ्यात भरणाऱ्या त्यांच्या 'पेन्सिक' शिबिरात हजारो लोक तंबूत राहतात.

मग प्रश्न कुठे आहे? प्रत्येक जण त्या काळातील एक नाव, एक व्यक्ती निवडतो आणि रिवाज असा की सगळ्यांना घरंदाजच मानायचे. युरोपातील त्या काळची बहुसंख्य माणसे शेतात राबणारी होती, कित्येक तर जमिनीला बांधलेली. खेळात ती फारशी दिसत नाहीत. त्याच शतकांतले आपल्याकडचे एक मरण आठवा. मंगळवेढ्याच्या गावकुसाच्या कामावर असताना भिंत कोसळली आणि चोखोबा मजुरांसह गाडले गेले, असे परंपरा सांगते, साल १३३८. बाबासाहेबांनी 'द अनटचेबल्स' हा ग्रंथ ज्या तिघांच्या स्मृतीला अर्पण केला, त्यांत चोखामेळा आहेत.

नाटकी नाव घेणे म्हणजे मुसावाद नव्हे. समोरच्यालाही खेळ ठाऊक असतो, फसवण्याची चेतना नसते. उलट या खेळातील एक गोष्ट मला मनापासून आवडते. तिथे राजा जन्माने होत नाही. तो द्वंद्व जिंकून होतो आणि बहुतेक ठिकाणी सहा महिन्यांनी पायउतार होतो. उत्तम विणकराला, उत्तम सुलेखनकाराला मोठ्या योद्ध्याच्या बरोबरीचा मान आहे. माणूस शेतकरी किंवा कारागीर ठरतो तो कर्माने, जन्माने नव्हे, हे वासेट्ठ सुत्तातील म्हणणे इथे नकळत पाळले जाते. त्यांनी मध्ययुगाचे कपडे घेतले आणि जन्माची उतरंड मागे ठेवली.

पण मागे ठेवलेले विसरले गेले की खेळ गोड आठवण बनतो. खोट्या आठवणीची किंमत आपण जाणतो. पेशवाईचा थाट मिरवताना गळ्यातले मडके आणि कमरेचा झाडू कोणी मिरवत नाही!

फ्रान्समध्ये बर्गंडी प्रांतात गेदेलाँ येथे १९९७ पासून तेराव्या शतकाच्या पद्धतीने एक किल्ला बांधला जात आहे. तिथे बघण्यासारखा कोणी असेल तर तो दगडफोड्या, सुतार, लोहार, आणि मोठ्या लाकडी चाकात चालत दगड वर चढवणारा माणूस. त्यांना पगार मिळतो, हा मध्ययुगातील वेठीपासूनचा मोठा फरक. २०१९ साली पॅरिसचे नोत्र दाम जळाले, तेव्हा छताच्या तुळया कुऱ्हाडीने घडवणाऱ्यांत गेदेलाँला तयार झालेले सुतारही होते. हातातील ज्ञान असे उपयोगी पडते. म्हणून मुलांना जरूर पाठवा. सरदाराचे नाव निवडण्याआधी त्यांच्या शेजारी बसून एवढे विचारा, की त्या सरदाराच्या अंगावरचे कापड कोणी विणले असेल?

आणि हाच प्रश्न आपल्या मंचालाही लागू आहे. जयंतीच्या कार्यक्रमात पुठ्ठ्याचा मुकुट घालून आपली मुले सम्राट अशोक होतात. खऱ्या अशोकाने तेराव्या शिलालेखात स्वतःच्या विजयाचा हिशेब कोरून ठेवला: कलिंगात एक लाख ठार, दीड लाख माणसे देशोधडीला, आणि त्याचा पश्चात्ताप. येत्या १४ एप्रिलला मुकुट कापायला बसाल तेव्हा ती वाक्ये त्या पोराच्या तोंडी द्यायची का, हे त्यालाच विचारून पाहा.