रुग्णालयाच्या माहितीचा कारभारी

मुंबईत घोडपदेवच्या चाळीत घरात जुनं दुखणं असलं की कपाटात एक प्लॅस्टिकची पिशवी हमखास सापडते. जे. जे.चा केस पेपर, केईएमचे रक्ताचे रिपोर्ट, वाडियातलं बाळाचं डिस्चार्ज कार्ड, टाटाची फाईल, सगळं त्यात कोंबलेलं. ही रुग्णालयं एकमेकांपासून बसच्या काही थांब्यांवर आहेत. पण 1845 चं जे. जे. राज्य सरकारचं, 1926 चं केईएम महापालिकेचं, वाडिया विश्वस्तांचं आणि 1941 चं टाटा केंद्राच्या अणुऊर्जा विभागाकडे. एकाची नोंद दुसरीकडे पोचते ती बहुधा त्या पिशवीतूनच. म्हणून रुग्णालयाचा मुख्य माहिती अधिकारी कोणाला नेमावं, हा प्रश्न मला संगणक विभागापुरता वाटत नाही.

आपल्याकडे या नेमणुकीचे दोन सरधोपट मार्ग आहेत. खासगी रुग्णालय एखाद्या बँकेतला किंवा सॉफ्टवेअर कंपनीतला अनुभवी माणूस आणतं. सरकारी रुग्णालय कुठल्यातरी प्राध्यापकाच्या गळ्यात अतिरिक्त कार्यभार घालतं. पहिल्याला वॉर्ड ठाऊक नसतो, दुसऱ्याला वेळ नसतो.

वॉर्ड ठाऊक नसल्यानं काय होतं ते रात्रपाळीत दिसतं. भरलेल्या वॉर्डात एकटी सिस्टर, संगणक दूर टेबलावर, आणि एका इंजेक्शनच्या नोंदीसाठी चार-पाच पानं उघडायची. ती आधी वहीत टिपून ठेवते आणि पहाटे हात मोकळे झाले की सगळं एकदम भरते. मग दोन वाजता दिलेल्या औषधाची वेळ संगणकात पाचची पडते. सकाळच्या राउंडला डॉक्टर तीच वेळ खरी धरून पुढचा डोस ठरवतात. दोष सिस्टरचा नाही. ती पानं ज्यानं मंजूर केली त्यानं एक रात्रही तिच्या शेजारी काढलेली नसते.

2022 हे वर्ष या बाबतीत डोळे उघडणारं होतं. राज्यातल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत वर्षानुवर्षं चाललेली एचएमआयएस ही रुग्णनोंदींची संगणक प्रणाली ठेकेदार कंपनीशी देयकांवरून बिनसल्यानं बंद पडली आणि जे. जे.सारख्या ठिकाणी पुन्हा हातानं लिहिणं आलं. त्याच वर्षी 23 नोव्हेंबरला दिल्लीच्या एम्सचे सर्व्हर खंडणीखोरांच्या हल्ल्यात ठप्प झाले. जवळपास दोन आठवडे काम कागदावर चाललं. एकीकडे करार फसला, दुसरीकडे सुरक्षा. रांगेतल्या रुग्णाला दोन्ही सारखेच. जुलै 2024 मध्ये तर केईएमच्या रुग्णांची नावं असलेल्या कागदांच्या प्लेटा झाल्याचं माजी महापौर किशोरी पेडणेकर यांनी उघडकीस आणलं. सीटी स्कॅनची जुनी फोल्डर न फाडताच रद्दीत गेली होती. इथं संगणकाचा संबंधच नव्हता. पण रद्दी कोणाच्या सहीनं बाहेर जाते, हेही माहिती अधिकाऱ्याचंच काम आहे, आणि 2023 च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानंतर ते कोणाचंच नाही असं म्हणता येणार नाही.

माझा कल स्पष्ट आहे. रुग्णालयात दहा-बारा वर्षं घालवून नंतर संगणक शिकलेला माणूस घ्यावा, मग तो डॉक्टर असो, नर्स असो की प्रयोगशाळेतला. करारातली मेख त्याला कळणार नाही हा आक्षेप खरा आहे. त्यासाठी हाताखाली जाणते अभियंते आणि वकील देता येतात. वॉर्डाची जाण मात्र अशी उसनी मिळत नाही. त्यानं थेट अधिष्ठात्यांना उत्तर द्यावं, आणि त्याच्या सहीशिवाय एकही प्रणाली विकत घेतली जाऊ नये. नाहीतर खरेदी वर ठरते आणि शिव्या तो खातो.

मुलाखतीच्या टेबलावर एक सिस्टर इन्चार्ज आणि रेकॉर्ड रूमचा एक जुना कारकून बसवावा. उमेदवाराला विचारावं: रात्री सर्व्हर पडला तर रक्तपेढीला मागणी कशी जाईल? ठेका संपेल त्या दिवशी रुग्णांच्या नोंदी कोणाच्या ताब्यात असतील, आणि दुसऱ्या प्रणालीत त्या वाचता येतील का? आभा या आरोग्य ओळखपत्राचा चौदा आकडी क्रमांक काढून दिला, पण त्यामागे एकही रिपोर्ट जोडला नाही, तर घोडपदेवच्या रुग्णाला टाटात त्याचा काय उपयोग? याची ठोस उत्तरं देणारा माणूस स्वस्तात मिळणार नाही. महापालिकेच्या वेतनश्रेणीत तो बसत नसेल, तर स्थायी समितीसमोर श्रेणी बदलण्याचा प्रस्ताव न्यावा लागेल.