प्राध्यापक काळे यांचे भांडवल

खडकवासल्याचे धरण १८७०च्या दशकात बांधले गेले. मुठेचा उजवा कालवा पुणे, हडपसर, लोणी करत पाटसकडे निघाला आणि कोरडवाहू रानांत उसाची भाषा सुरू झाली. त्याच दशकात, मे १८७५मध्ये, याच जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांवर चाल करून कर्जरोखे जाळले. या दोन घटना एकत्रच वाचायला हव्यात. उसाला पाणी लागते तसा पैसाही लागतो. पाणी सरकारने अडवले. लोकांची थेंबथेंब बचत अडवून ती पाटाने पोचवणारे धरण मात्र नव्हते. पुण्यात बँकेच्या रूपाने असे एक मोठे धरण उभे राहायला साठ वर्षे गेली, आणि उभारणाऱ्यांत अग्रभागी होते फर्ग्युसन कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक राहिलेले वामन गोविंद काळे.

काळे डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्य. ऐन उमेदीची वर्षे तुटपुंज्या वेतनावर संस्थेला वाहायची, हा या सदस्यत्वाचा अर्थ. विलायती पुस्तकांतले अर्थशास्त्र घोकले जात असताना त्यांनी भारताच्या शेती-उद्योगांवर पुस्तके लिहिली. १९२३मध्ये आयात जकातीचा विचार करणाऱ्या पहिल्या टॅरिफ बोर्डाच्या तीन सदस्यांत त्यांची नेमणूक झाली. देशी पोलादाला संरक्षण द्यावे, ही त्या मंडळाची शिफारस. १९२४मध्ये तसा कायदा झाला. वर्गातला माणूस कारखान्याच्या हिशेबापर्यंत पोचला तो असा.

रिझर्व्ह बँक सुरू झाली एप्रिल १९३५मध्ये. त्याच वर्षी १६ सप्टेंबरला काळे, डी. के. साठे आणि सहकाऱ्यांनी बँक ऑफ महाराष्ट्रची नोंदणी केली. अधिकृत भांडवल १० लाख रुपये. ८ फेब्रुवारी १९३६ला व्यवहार सुरू झाले. काळ बँकांना अनुकूल होता असे नाही. १९१३मध्ये इंडियन स्पीशी बँकेसह अनेक बँका बुडाल्या होत्या आणि ठेवीदार ते विसरले नव्हते. मग कारकून, मास्तर, छोटा दुकानदार यांनी आपली पुंजी नव्या बँकेत का ठेवावी?

माझे उत्तर असे: त्यांनी माणूस पाहिला. दानशूर म्हटले की आधी कमाई, मग देणगी, असा क्रम आपण गृहीत धरतो. काळ्यांच्या बाबतीत क्रम उलटा होता. देणे आधी झाले, आयुष्याच्या वर्षांनी झाले. आणि त्यातून मिळालेला विश्वास हेच पुढे व्यवसायाचे खरे भांडवल ठरले. ते धनाढ्य नव्हते, बँकही त्यांच्या मालकीची नव्हती. तरीही मी त्यांना उद्योजकच म्हणेन, कारण जन्मभर जपलेली पत त्यांनी पणाला लावली. बँक बुडाली असती तर ती पतही बुडाली असती. १९४६मध्ये काळे वारले. १९६९च्या जुलैत राष्ट्रीयीकरण झालेल्या १४ बँकांत त्यांची बँक होती.

आज खडकवासल्याच्या आसपास, सगळ्या पुणे जिल्ह्यातच, व्यवस्थापन शिकवणाऱ्या संस्था मुबलक आहेत. पतसंस्थाही गावोगाव आहेत, आणि त्यांतल्या काही बुडून म्हाताऱ्यांच्या ठेवी गेल्याच्या बातम्या आपण वाचतो. या दोन जगांची गाठ क्वचित पडते, याचे मला मनापासून दुःख होते. वाणिज्य आणि व्यवस्थापन शिकवणाऱ्या प्रत्येक प्राध्यापकाला माझी विनंती आहे: आपल्या गावच्या पतसंस्थेचे सभासद व्हा, वार्षिक सभेला जा, ताळेबंद मागून घ्या आणि तो ठेवीदारांना त्यांच्या भाषेत समजावून सांगा.