पहिली फाइल पुन्हा उघडा

निवांत बसा. मनात एक रिकामं फोल्डर आणा. त्यात एक फाइल तयार करा. नाव 'कॅमलकेस', इंग्रजी लिपीत, दोन्ही 'सी' कॅपिटल. आत एकच शब्द लिहा, 'गुड', आणि फाइल बंद करा. आता त्याच फोल्डरात तेच नाव पुन्हा लिहा, पण सगळी अक्षरं स्मॉल. आत लिहा 'बॅड'. हीसुद्धा बंद करा.

इथे जरा थांबा. आता पहिली फाइल पुन्हा उघडा. आत काय दिसतं?

'गुड' दिसलं, तर ही दोन नावं त्या डिस्कच्या लेखी वेगळी आहेत. 'बॅड' दिसलं, तर दुसरी फाइल तयार झालीच नाही, तुम्ही पहिलीच्याच अंगावर लिहिलंत. पहिला शब्द गेला, आणि जाताना कसलाही आवाज झाला नाही. या शांततेवर थोडा वेळ मन राहू द्या. इशारा आला नाही, चूक दाखवली गेली नाही, उलट दोन्ही वेळा काम यशस्वी झाल्याचंच कळलं.

हा प्रयोग गिटच्या टेस्टमधला आहे, तिथे तो जेमतेम तीन ओळींचा आहे. त्याच्या उत्तरावरून पुढच्या कोणत्या टेस्ट या जागी लागू होतात ते ठरतं. मला या तीन ओळींचं मोल फार वाटतं, कारण त्या 'हे मशीन विंडोजचं की मॅकचं' असं विचारत नाहीत. त्या थेट फोल्डरलाच विचारतात. तेच बरोबर आहे. विंडोजवर 2018 पासून एखाद्या फोल्डरपुरता कॅपिटल-स्मॉलचा भेद चालू करता येतो. लिनक्सच्या एक्स्ट-फोर फाइल सिस्टीमवर 2019 पासून एखाद्या फोल्डरपुरता तो बंद करता येतो. मशीनचं नाव ऐकून उत्तर गृहीत धरलं, की इथे फसगत ठरलेली.

गिट नवीन रेपो तयार करतं तेव्हाही असंच विचारतं. आधी 'कॉन्फिग' नावाची फाइल लिहितं, मग तेच नाव एक अक्षर कॅपिटल, एक स्मॉल असं लिहून ती सापडते का पाहतं. सापडली, तर इथे भेद मानला जात नाही, अशी नोंद करून ठेवतं.

आता खऱ्या कोडकडे वळा. लिनक्स कर्नलच्या नेटफिल्टर विभागात 'टीसीपीएमएसएस' नावाच्या दोन फाइली वर्षानुवर्षं शेजारी शेजारी नांदत आल्या आहेत. एकीच्या नावात ही अक्षरं कॅपिटल, दुसरीच्या नावात स्मॉल. कॅपिटलवाली नेटवर्कच्या पाकिटातलं एक मूल्य बदलते, स्मॉलवाली तेच मूल्य फक्त तपासते. बदलणं आणि तपासणं ही दोन निराळी कामं, आणि त्यांच्यातला फरक नावाच्या उंचीवर तोललेला. आता हे कोड मॅकच्या नेहमीच्या डिस्कवर क्लोन होताना पाहा. गिटच्या भांडारात दोन्ही फाइली सुखरूप आहेत, कारण तिथे नाव म्हणजे नुसते बाइट. पण डिस्कवर उतरताना दोघींना मिळून एकच जागा मिळते. लगेच गिट सांगू लागतं की एक फाइल बदलली आहे, आणि तिला तर कुणी हातही लावलेला नाही. अशा वेळी घाईत 'सगळं कमिट' केलं, तर एका फाइलचा मजकूर दुसरीच्या नावावर चढू शकतो आणि तसाच इतरांच्या मशीनवर पोचू शकतो.

डिसेंबर 2018 मध्ये आलेल्या गिट 2.20 पासून क्लोन करताना अशा नावांची यादी आणि इशारा मिळतो. गिटसारखंच दुसरं साधन, मर्क्युरियल, तर फाइल जोडतानाच सावध करतं. मला मर्क्युरियलची रीत अधिक पटते, कारण तोवर दोन्ही मजकूर शाबूत असतात.

आपल्या लिपीत कॅपिटल-स्मॉल नाही, म्हणून आपण सुटलो असं वाटेल. मग 'शेतकऱ्यांची यादी' हे नाव डोळ्यांपुढे आणा आणि त्यातल्या 'ऱ्या'वर थांबा. हा ऱ युनिकोडमध्ये एका संकेताने लिहिता येतो, आणि साधा र व खाली नुक्ता अशा दोन संकेतांनीही. डोळ्यांना दोन्ही सारखेच, बाइट मात्र वेगळे. लिनक्स आणि विंडोज या दोन फाइली वेगळ्या ठेवतील. मॅक त्यांना एकच मानेल. मराठी नावांच्या फाइली सांभाळणाऱ्याने टेस्टमध्ये हा ऱ घातलाच पाहिजे. परदेशातला टेस्ट लिहिणारा फार तर जर्मन अक्षर घालून पुढे जाईल.

आणखी एक गोष्ट, ही जरा सावकाश वाचा. युनिकोडमध्ये डोळ्यांना न दिसणारा एक जोडसंकेत असतो. काही जण 'ऱ्या'तला अर्धा र त्याच्याच मदतीने लिहितात. मॅकची जुनी फाइल सिस्टीम, एचएफएस प्लस, नावं जुळवताना हा संकेत मोजतच नसे. म्हणजे '.गिट' या नावाच्या मधे तो लपवला, तरी ते नाव खुद्द गिटच्या खासगी फोल्डरवरच जाऊन पडे. तिथल्या कॉन्फिग फाइलमध्ये तर कमांडही लिहून ठेवता येतात. कॅपिटल अक्षरांतलं '.गिट'ही असंच आत शिरत होतं. मर्क्युरियलच्या लोकांना हे आधी उमगलं, त्यांनी गिटवाल्यांना कळवलं, आणि डिसेंबर 2014 मध्ये गिट 2.2.1 सह दुरुस्त्या आल्या. नावांच्या टकरीकडे किरकोळ गैरसोय म्हणून पाहणाऱ्यांनी हे प्रकरण लक्षात ठेवावं. दुसऱ्याचा रेपो नुसता क्लोन केल्याने आपल्या मशीनवर परकी कमांड चालू शकत होती.

तेव्हा अशी टेस्ट लिहिताना 'फाइल तयार झाली का' एवढ्यावर समाधान मानू नका. दोन्ही फाइलींत वेगळा मजकूर घाला, आणि दुसरी लिहून झाल्यावर पहिली वाचा. नुसतं नाव बदलून पाहा, कॅपिटलचं स्मॉल. एका ब्रँचवर एक रूप, दुसरीवर दुसरं, आणि मग मर्ज. फाइलींवर जे करून पाहिलं ते फोल्डरच्या नावावरही करा, कारण तिथे एका टकरीत आतलं सगळंच मिसळतं.

आणि आज उठण्याआधी एवढं कराच. तुमच्या रेपोतल्या सगळ्या फाइलींची नावं गिटकडून मागवा, सगळी स्मॉल अक्षरांत आणा, क्रमाने लावा आणि दोनदा आलेलं नाव शोधा. एका ओळीची कमांड आहे. जोडी सापडली, तर त्यातलं एक नाव आजच बदला, कुणी मॅकवर क्लोन करायच्या आत.