उरलेल्या तुकड्यांचे काय?



पाच भाकरी आणि दोन मासळ्यांचा प्रसंग आपणा सर्वांना तोंडपाठ आहे. पण संत योहान त्यात एक गोष्ट नोंदवतो, ती आपल्या नजरेतून सहज सुटते. सर्वांचे पोट भरल्यावर प्रभू येशू शिष्यांना उरलेले तुकडे गोळा करायला सांगतो, काहीही वाया जाऊ नये म्हणून. ज्याने हजारोंना पोटभर जेवू घातले, त्याला उष्ट्या तुकड्यांची काय पर्वा? तरीही बारा टोपल्या भरल्या. आणि त्या भरणारे नोकरचाकर नव्हते, प्रेषित होते.

हे आठवायचे कारण म्हणजे आपल्या पाळकीय मंडळाच्या बैठकीत निघालेला कचऱ्याचा विषय. काही तरुणांचे म्हणणे असे की, डम्पिंग ग्राऊंड बंद करावे आणि कचरा जाळून वीज निर्माण करणारा प्रकल्प आणावा, म्हणजे प्रश्न मिटला. त्यांच्या म्हणण्याचा पहिला भाग आम्हांला पूर्ण मान्य आहे. मुंबईचे देवनार १९२७ पासून कचरा गिळत आले. जानेवारी २०१६ मध्ये ते पेटले, तेव्हा त्याचा धूर उपग्रहाच्या छायाचित्रांतही दिसला. उत्तनला धावगीच्या कचऱ्याविरुद्ध आपल्याच कोळी व शेतकरी बांधवांनी वर्षानुवर्षे आवाज उठवला आहे. आणि आपण वसईकरांनी टाकलेला कचरा गोखिवऱ्याच्या भोयदापाड्यात साठत आला. ओला कचरा दाबला जाऊन कुजला की त्यातून मिथेन वायू निघतो, तो पेट घेतो. पावसात त्यातून काळे पाणी झिरपते. टाकणारे आपण, श्वास घेणारे दुसरेच. शेजाऱ्यावर प्रीती करण्याची आज्ञा वाऱ्याच्या दिशेलाही लागू आहे, असे आमचे मत आहे.

शुभवर्तमानात नरकासाठी 'गेहेन्ना' हा शब्द येतो. तो यरुशलेमच्या बाहेरील हिन्नोमच्या खोऱ्यावरून आला. तिथे मुलांचे बळी दिले जात, म्हणून योशिया राजाने ती जागा भ्रष्ट केली आणि यिर्मया संदेष्ट्याने तिला शाप दिला. तिथे शहराचा कचरा सतत जळत असे, असे प्रवचनांतून नेहमी सांगितले जाते. परंतु हा उल्लेख सन १२०० च्या सुमारास दावीद किम्ही या ज्यू भाष्यकाराच्या लिखाणात येतो. त्याला जुना पुरावा नाही. ते काही असो. शहराने आपल्या वेशीबाहेर ढकललेल्या जागेचे नाव नरकाला मिळाले, एवढे आपल्याला पुरेसे आहे.

आता प्रकल्पाविषयी. कचरा सुमारे साडेआठशे अंश तापमानाला जाळायचा, त्या उष्णतेने पाण्याची वाफ करायची आणि वाफेवर जनित्र फिरवायचे, असे हे तंत्र आहे. डेन्मार्कच्या कोपनहेगन शहरात २०१७ मध्ये सुरू झालेल्या अशा प्रकल्पाच्या छपरावर लोक बर्फावरून घसरतात तसे घसरण्याचा खेळ खेळतात! पण आपल्या देशात दिल्लीच्या तिमारपूरला १९८७ मध्ये, डेन्मार्कच्याच तंत्राने, रोज ३०० टन कचरा जाळणारा प्रकल्प उभारला गेला. तो जेमतेम तीन आठवडे चालला. यंत्रात खोट नव्हती. कचरा ओला होता आणि त्यात माती होती, तो जळेचना. आपल्या घरांतला जवळपास निम्मा कचरा भाजीची देठे, माशांची खवले, उरलेला भात असा असतो. पाणी जाळून वीज कशी होणार?

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना ॲरिस्टॉटलचा 'द्रव्य आणि रूप' हा विचार आम्हांला फार रुक्ष वाटे. पण स्वयंपाकघरातील बादलीत तो नीट कळतो. केळीची साल ही खताचे द्रव्य आहे, दुधाची पिशवी ही प्लास्टिकचे द्रव्य आहे. दोन्ही एकत्र टाकल्या की दोघींचेही रूप हरवते. उरतो तो कचरा. म्हणजे कचरा घरात आपोआप येत नाही. आपणच तो त्या क्षणी तयार करतो.

इंदूर शहराने हे ओळखले. तिथे घरोघरी वर्गीकरणाची शिस्त आधी लागली, मग फेब्रुवारी २०२२ मध्ये रोज ५५० टन ओल्या कचऱ्यापासून गॅस बनवणारा प्रकल्प आला. ओल्या कचऱ्याला जाळायचे नसते, कुजवायचे असते. गोव्यात साळगावलाही २०१६ पासून असेच चालते. म्हणून प्रकल्पाला आमचा विरोध नाही. वर्गीकरणाशिवाय मागितलेल्या प्रकल्पाला आहे. जाळल्यावरही राख उरते, त्यातील काही विषारी असते, ती कुठेतरी पुरावीच लागते. शिवाय धुराडे कोणाच्या दारात उभे राहणार? बैठकीत हा प्रश्न विचारला तेव्हा सर्वांनी पूर्वेकडे बोट दाखवले. आपली बावखले कचऱ्याने आणि भरावाने बुजवताना कोणी बोट दाखवायला जागेवर नसते, हेही जाता जाता सांगतो.

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या आपल्या परिपत्रात वस्तू फेकून देण्याची सवय आणि माणसे फेकून देण्याची वृत्ती या दोहोंना एकाच माळेत ओवले होते. कचरा वेचणाऱ्या बायका आपल्या फाटकापाशी येतात तेव्हा आपण कुत्र्याला आवरतो की तिला हाकलतो, हे ज्याने त्याने पाहावे. प्लास्टिक वेगळे काढण्याचे जे काम आपण टाळतो, ते ती उघड्या हातांनी करते.

येत्या सणाच्या सहभोजनात थर्माकोल व प्लास्टिकच्या ताटल्या वापरायच्या नाहीत, असे मंडळाने ठरवले आहे. केळीची पाने आपल्याच वाड्यांतून मिळतील. ज्यांना देता येतील त्यांनी शनिवारी सकाळपर्यंत चर्चच्या कार्यालयात कळवावे. मंडपाच्या दोन्ही बाजूंस ओल्या व सुक्या कचऱ्याच्या वेगळ्या टोपल्या असतील. त्या सांभाळायला युवक संघाचे सहा जण तयार आहेत, आणखी सहा हवेत. पहिल्या पंगतीनंतर एका टोपलीजवळ आम्ही स्वतः उभे राहणार आहोत.